उष्टं आणि विरजण

बाबा, काल माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली आणि मी जिंकले. हे तुम्हाला ऐकवायला आठ वर्षं राबले. आठवडाभर औषधांच्या कारखान्यात नोकरी आणि सुट्टीला लॅटिन. विषयही तुमच्या नाकावर टिच्चून निवडला. रोमच्या उतरत्या काळातले कवी, जुन्या थोर कवींच्या ओळी उचलून आपलं काव्य रचणारे.

मी आठवीत होते आणि तुम्ही माझ्याच वर्गाचे संस्कृतचे सर. शाळेच्या स्पर्धेसाठी दिलेली माझी कविता तुम्ही वाचायला घेतलीत, मध्येच थांबलात, चष्मा काढलात. "यातल्या तीन ओळी दुसऱ्यांच्या आहेत. उष्टं वाढतेस लोकांना?" सगळ्या वर्गासमोर कागद माझ्या हातात परत. त्या रात्री जेवताना तुम्ही मला नेहमीसारखी भाजी वाढलीत. मी पुन्हा कविता लिहिली नाही. त्या शब्दाचा राग मात्र इतकी वर्षं जपला.

काल सकाळी इथे आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनच्या घरी शेजारीण वाटी घेऊन आली, विरजण मागायला. तिला दिलं आणि त्यातलंच चमचाभर दही मी स्वतःच्या तळहातावर घेतलं. परीक्षेला निघताना ते तुम्ही घालायचात.

डब्लिनला पोचले. परीक्षक म्हणजे पिकल्या केसांचे एक आयरिश प्राध्यापक. पहिला तास बरा जातो. मग ते खुर्चीत मागे रेलतात. "युअर मॅन लढाईच्या महाकाव्यातल्या ओळी घेतो आणि लग्नाचं गाणं म्हणून खपवतो. ही चोरीच की." इथे कुणाही इसमाला युअर मॅन म्हणतात. माझ्या कानात तुमचाच आवाज. आणि मग मला शेजारणीची ती वाटी आठवते.

"आमच्याकडे दही लावायला विरजण शेजारून आणतात," मी सांगते, "दूध आपलंच असतं. आणि चोर माल लपवतो, सर. या कवीला ती ओळ ओळखली जायलाच हवी आहे. रणातली ओळ मांडवात ऐकून कुणी दचकलं नाही, तर त्याचं गाणं फसलं."

"फेअर प्ले टू यू," ते म्हणाले. ही इथली शाबासकी. मी स्टेशनापर्यंत जवळजवळ नाचत गेले. घरी लेकीने दारातच विचारलं, "सो, आर यू अ डॉक्टर नाऊ?" मी म्हटलं, "हो गं बाई, झाले."

हे पत्र तुम्हाला पाठवणार नाही, वहीतच राहणार. म्हणून जिंकल्यावर तरी खरं सांगते. त्या तीन ओळी मी वाचनालयात हुडकून हुडकून काढल्या होत्या, कुणालाही ओळखू येणार नाहीत अशा. तुम्हालासुद्धा.