करंगळीची शाई

उज्वला,

दवाखान्यात तू रुद्रपाशी काचेच्या दाराच्या आत, मी बाहेर बाकावर. आत एकालाच सोडतात. तोंडानं सांगवत नाय म्हणून लिहिते.

काल तू लस टोचणाऱ्या नर्सबाई तबस्सुमला सगळ्यांदेखत झापलंस, "गोवराची सुई देऊन माझ्या रुद्रला गोवर आलाच कसा? खोटी सुई दिलीस तू." ती एवढंच म्हणाली, "ताई, आधी बाळ बरं होऊ द्या." आणि माझ्याकडं बघितलं.

तिनं सुई दिलीच नाय. मी देऊ दिली नाय. तू लासलगावला कांदा निवडायला गेली होतीस. मी रुद्रची करंगळी पुढं केली, पोलिओच्या थेंबांची शाई होती अजून. म्हटलं, "हे बघ, झालंय याचं सगळं. उगं लेकराला टोचून ताप आणू नको." ती म्हणाली, "आजी, ते थेंब वेगळे." मी म्हटलं, "मला नको शिकवू." आणि तुला सांगितलं, सुई झाली.

आज डॉक्टरीण सांगत होती, लशीनं अंग त्या रोगाशी लढायला आधीच शिकतं. एका रोगाशी लढायला शिकलं म्हणून दुसऱ्याशी लढता येत नाय. मी चौथीपर्यंत शिकले. एवढं कळायला पाहिजे होतं.

आता गोवर छातीत उतरलाय. रुद्रच्या श्वासाची घरघर इथवर ऐकू येते. मला भाकरीशिवाय काय करता येत नाय.

चिठ्ठी डब्यात ठेवणार होते. पण वाचलीस तर जेवणार नायस. हे कारण झालं. खरं म्हणजे मी भ्याले. डबा तेवढा आत देते, चिठ्ठी माझ्यापाशीच ठेवते.

भाकरी गरम हाय. खाऊन घे.

तुझी सासू,
चतुराबाई