सपकाळभाऊंच्या बॅगेतला डबा

२५ जाने., रवि.
मुक्ताचा फोन. सिंगापूरला येताना काय आणायचं, काय नाही, याची अर्धा तास उजळणी. आठवा महिना लागलाय, तरी आईला शिकवायची हौस फिटत नाही. च्युइंगगम नको, तंबाखू नको, रस्ता वाटेल तिथे ओलांडायचा नाही. सगळं लिहून घेतलं. माझं विमान १० फेब्रु.ला. पहिलं बाळंतपण तिचं, मी वेळेवर पोचले म्हणजे झालं.

२७, मंगळ.
खालचे सपकाळभाऊ आले. कळवणचे, एसटीतून रिटायर झालेले. शनिवारी तेही सिंगापूरलाच निघालेत, मुलाकडे. विमान आयुष्यात पहिल्यांदा. "बाई, मला बी लिहून द्या ना." मग काय, फुलस्केप काढला. कलम १: दुसऱ्याचं पार्सल आत काय आहे ते पाहिल्याशिवाय नेऊ नये. कलम २: तंबाखू नाही म्हणजे नाही. कलम ३: मोबाइलचा डेटा बंद ठेवावा, बिल येतं. अशी अकरा कलमं. शाळा सोडून सहा वर्षं झाली, मास्तरकी आहे तशीच.

२९, गुरु.
डिंकाचे लाडू. खारीक, खोबरं, खसखस, सगळं सढळ हाताने. कंबर गेली, पण जमलेत झकास. माझी बॅग भरली आहे. निम्मे भाऊंबरोबर पाठवावेत.

३०, शुक्र.
भाऊंची बॅग मीच तपासली. पायजम्याच्या घडीत तंबाखूची पुडी नि चुन्याची डबी. अख्खी पोलीस चौकी अंगात आली माझ्या. तुरुंगात टाकतात तिथे, म्हटलं. बिचारे कानकोंडे झाले. पुडी-डबी जप्त, माझ्या फ्रिजवर. त्याच जागेत लाडवांचा डबा, टेप लावून.
"बाई, यात काय हाय?"
"लाडू हो. माझ्यावर विश्वास नाही का?"
"तसं नाय. कोणी इचारलं तर सांगेन, माझ्याच लेकीला नेतोय."
यादी शर्टाच्या खिशात घातली. बायको गेल्यापासून बॅग कुणी भरून दिली नव्हती, म्हणाले.

३१, शनि. दुपारी १
भाऊंचं विमान साडेअकराला उडालं. मुक्ताला सहज सांगितलं, लाडू पाठवलेत. तिने विचारलं, "आई, खसखस नाही ना घातलीस?"
तिथे खसखशीला बंदी आहे. अफूच्या झाडाची म्हणून अमली पदार्थांत धरतात. आपली खसखस. अनारशाला लावतो ती. खरंच वाटेना. तिने सरकारी पान पाठवलं, तीनदा वाचलं. आणि मी पुडीभर तंबाखूवरून त्या माणसाला दमात घेतलं.

१.३०
भाऊंना मेसेज टाकला: "बाहेर पडायच्या आधी तिथल्या माणसाला डबा स्वतःहून दाखवा. माझा आहे म्हणून सांगा. माझं नाव, नंबर द्या." एकच टिक.
त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "जातो काकू विमानतळावर."

५.४५
विमान उतरून अर्धा तास झाला. अजून एकच टिक. डेटा बंद असणार. मीच सांगितलंय, कलम ३. चहा दोनदा केला, दोनदा ओतून दिला. मुक्ता म्हणते, बहुतेक डबा काढून घेतील, समज देतील. बहुतेक. या दिवसांत तिच्याही जिवाला घोर लावला मी. लाज वाटते.

६.५०
मुलाचा फोन. विमानातले सगळे बाहेर आले, भाऊ नाहीत. आतून कुणी काही सांगत नाही. "बाबांना इंग्रजी येत नाही हो काकू."
लाडू माझे, डबा माझा, टेप मी लावली, असं सांग त्यांना, म्हटलं. सांगतो म्हणाला. पण आत भाऊंना एव्हाना विचारलं असेल. आणि त्यांनी सांगूनही टाकलं असेल, माझ्याच लेकीला नेतोय म्हणून.