मोठी आई मागच्या गाडीनं येते

५ फेब्रु., गुरुवार. केडगाव

तीन दिवस रेल्वेत काढून आज दुपारी दादाच्या घरी टेकलो. पाय सुजलेत. सुट्टी आठ दिवसांची, तीन गाडीतच गेले. म्हणून परत जाताना विमान. सोमवारी, पुण्यातून. मी पण पहिल्यांदाच.

तनूला न्यायचंय. तिकडं आसामात, मी पोकलेन मशीन चालवतो त्या साइटच्या कॅम्पात, आता पत्र्याचं शेड सुटलं, पक्की खोली मिळाली. सुरेखाचं फोनवर रोज एकच, "अहो, लेकीला कधी आणता?" तिला स्वतःला निघता येत न्हाई, कॅम्पातल्या बारा माणसांचा स्वैपाक तिच्याकडं.

तनू दारामागं उभी. पाच वर्षांची झाली. सव्वा वर्षानं बाप बघितला. फ्रॉकचा गळा चावत होती. हात पुढं केला तर पळून वहिनीच्या पदरात.

वहिनी म्हणाली, "येईल भाऊजी, दमानं घ्या." पण तिचा स्वतःचा हात काही तनूच्या डोक्यावरनं निघाला न्हाई. वहिनीला लेकरू न्हाई. तनू तिला मोठी आई म्हणते.

६ फेब्रु., शुक्रवार

सकाळी एक बूट सापडेना. निम्मं घर पालथं घातलं. तनूच्या उशाखाली निघाला.

वहिनी: "तुमी दोघं गेलात तवापासनं हाय हे. कुनी आलं की त्याचं पायताण लपवती. मागं गॅसवाला अर्धा तास अनवाणी उभा हुता दारात, बिचारा."

लई हसलो. मग हसू गेलं.

आम्ही गेलो त्या दिवशी दादा तिला केळी आणायला घेऊन गेलता. तेवढ्यात मी आणि सुरेखा रिक्षात बसलो. लेकरू रडायला नको म्हणून. सगळेच करतात. माझा बाप मला असाच चुकवून जायचा.

ती केळी घेऊन परत आली तेव्हा काय झालं, ते वहिनीला विचारलं न्हाई. तिनं पण सांगितलं न्हाई.

७ फेब्रु., शनिवार

ज्याला त्याला विमानातलं कळतं. समोरची मावशी म्हणे वर गेल्यावर कान दुखतात, लिमलेटच्या गोळ्या द्या. एक म्हणे कापूस घाला. दादानं खोकल्याच्या औषधाची बाटली आणली. "दोन झाकणं पाज संत्या, डायरेक्ट आसामातच उठंल."

वहिनी भडकली. "लेकरू हाय का पार्सल?"

दादानं तरी बाटली माझ्या पिशवीत सारलीच. मी काढली न्हाई.

दुपारी ओळखीच्याचा जेसीबी होता बायपासला. आवाजाची सवय म्हणून तनूला मांडीवर घेऊन बसलो. इंजिन फुल रेस केलं. घाबरेना. "अजून जोरात करा पप्पा." पहिल्यांदा पप्पा म्हणाली. मी पाणी प्यायला खाली उतरलो तर किंचाळली, सगळी साइट जमा झाली. आवाजाला भीत न्हाई ही. मग कशाला भिते?

एवढं समोर दिसत होतं. तरी मी लिमलेटच्या गोळ्याच घेऊन आलो.

८ फेब्रु., रविवार

घरातच विमान केलं. चार खुर्च्या, पट्ट्याला ओढणी. वहिनी हवाई सुंदरी, ताटात शेंगदाणे घेऊन. "साहेब, चहा हवा का? दूध संपलंय." तनू खदाखदा हसली. मग एका खुर्चीवर हात ठेवून म्हणाली, "ही मोठी आईची."

वहिनीनं शेंगदाण्याचं ताट खाली ठेवलं.

ती अंगणात गेल्यावर दादा म्हणाला, सांगायचं, मोठी आई मागच्या गाडीनं येते. तेवढंच लेकरू शांत जातं. वहिनी म्हणाली, "माज्या तोंडानं मी न्हाई सांगनार." दादा: "तू नको सांगू. आमी सांगतो."

मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं. कंटाळा आला होता. एकदाचं जाऊन पोचावं, एवढंच डोक्यात.

९ फेब्रु., सोमवार

उतरलो. कॅम्पाची गाडी अजून आली न्हाई. बाकड्यावर बसून लिहितोय. तनू मांडीवर झोपलीय, हात आखडलाय. अक्षर असंच येणार.

निघताना वहिनी बाहेर आलीच न्हाई. भांडी घासत बसली, नळ फुल सोडून.

मोठी आई मागच्या गाडीनं येते, असं दादानं सांगितलं, म्हणून तनू विमानतळापर्यंत शहाण्यासारखी आली. पिशवी मशीनमध्ये गेली तेव्हा थोडी दचकली, तेवढंच. विमानात खिडकी. लिमलेटची गोळी गालात. सारखी मागं वळून दाराकडं बघायची. माणसं येत होती, ही एकेकाचं तोंड बघत होती. मला वाटलं गंमत बघतेय.

दार लावलं.

"मोठी आई राहिली! पप्पा, दार उघडा, मोठी आई राहिली!"

पट्ट्यातनं खाली सरकली, ओढून धरली तर हाताला चावली. मागचा एक जण म्हणे, "अरे भाई, चुप कराओ बच्ची को." हवाई सुंदरी बेटा बेटा करत आली. मी मशीनवर बारा तास बसतो, पण तिथं दांडे माझ्या हातात असतात. हिथं काय हातात? बाटली वरच्या कप्प्यात. नजर गेली तिकडं. पुन्हा एकदा गेली.

मग तोंड तिच्या कानाशी नेऊन सांगून टाकलं. "मोठी आई येत न्हाई. ती केडगावलाच हाय. आमी खोटं बोललो."

"मागच्या गाडीनं?"

"मागं गाडीच न्हाई."

आधी दाराकडं बघून रडत होती, आता माझ्याकडं बघून. मारलं मला. मारू दिलं. विमान वर गेलं ते दोघांनाही कळलं न्हाई.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "मग तुमी पण जाणार."

"जायचं असलं की सांगून जाईन."

थोड्या वेळानं मला लघवीला लागली. लई दाबून धरली. शेवटी म्हटलं, ते दार दिसतं ना, तिथं जातो. वीसपर्यंत मोज. आत उभा राहिलो तर तिचा आवाज दारातनं ऐकू येतोय, सगळ्या विमानाला ऐकू जाईल असा. अठराला बाहेर आलो. ती पुढचे दोन आकडे मोजूनच थांबली.

त्यानंतर रडली न्हाई. शांत झाली का दमली, सांगता येत न्हाई.

१० फेब्रु., मंगळवार. कॅम्प

सुरेखानं कालपासून तीन गोड पदार्थ केले. तनू माझ्या मागं. मोबाईलवर मम्मी मम्मी करायची, समोर आली तर बोलंना. सुरेखा भाकरी थापताना डोळे पुसत होती. "माझ्या पोटची हाय ना हो?"

वहिनीला फोन लावला, पोचलो म्हणून. तिनं विचारलं, "जेवली का?" जेवली म्हटलं. ठेवला.

उद्यापासून ड्युटी.

११ फेब्रु., बुधवार. साइट

पहाटे सुरेखा म्हणाली, "झोपलीय तोवर निघा गुपचूप. उठली तर सोडायची न्हाई." बूट हातात घेऊन दारापर्यंत गेलो. परत आलो. उठवली.

सांगितलं, कामावर जातो. दिवस मावळायच्या आत येतो. रडली. सुरेखानं उचलून घेतली तर तिलाच लाथा. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं.

पोकलेनवर बसल्यावर ध्यानात आलं. केडगावात बोलल्यासारखं बोलून गेलो. हिकडं पाच-सव्वापाचला मावळतो. ड्युटी सहापर्यंत, वर पाऊण तासाचा रस्ता. साइटवर रेंज न्हाई.

दुपारी सुपरवायझरला विचारलं, आज जरा लवकर सोडा. म्हणाला, "आठ दिन घूम के आया, अब फिर छुट्टी?"

चार वाजलेत. सूर्य डोंगराला टेकायला आलाय. मुरमाची गाडी खाली कॅम्पाकडं निघालीय, ड्रायव्हर ये, बस म्हणतो. मशीन बंद केलं. चावी काढली. सुपरवायझर इकडंच चालत येतोय.