प्रश्न माझा आणि सहीही माझीच

हिंगणपाडे,
रविवार, ता. ९ एप्रिल १९८९

ती. जीवरामभाऊ यांस,

त्या मंगळवारी मी नेहमीसारख्या पाण्याच्या दोन खेपा केल्या, शेळी परसात बांधली, कळण्याच्या भाकरी थापल्या (हे जाऊन चार वर्षं होत आली, तरी हात पीठ दोघांचंच घेतो, उरलेलं शेळी खाते, म्हणून ती अशी गुबगुबीत दिसते) आणि साडेसातला शाळा उघडून वर्ग झाडायला घेतला. केर दारापर्यंत आणला आणि जीप आली. सगळं रामायण इथून सुरू झालं म्हणून लिहायलाही इथूनच घेतलं, आणि तुमची खुशाली विचारायची राहून गेली. तर आता विचारते. तुमचा गुडघा कसा आहे? प्रमिलावहिनींचा खोकला थांबला का? कारखान्यात दुसरी पाळी असली की तुम्ही जेवण टाळता, ते टाळू नका. मी बरी आहे. इकडे ऊन तापलंय, विहिरीला पाणी आहे. बहिणीचा नमस्कार घ्या आणि पुढचं सावकाश वाचा, कारण लांब आहे.

तुम्ही पत्रात विचारलंत की पेपरात हिंगणपाड्याचं नाव आलंय आणि खाली ‘एक स्थानिक महिला’ असं छापलंय, ती तू तर नव्हेस? मीच ती. पण तुम्ही समजता तसा त्यात काही मान नाही. झालं ते ऐका.

आमचे रुपचंद गुरुजी गणपती उठल्यावर बदलून गेले. बदली म्हणजे एकाच्या जागी दुसरा, असा माझा समज होता. इथे एक गेला आणि जागा राहिली. शाळेची किल्ली पहिल्यापासून आपल्याकडेच असते, कारण गुरुजी एस.टी.ने यायचे आणि आपलं घर स्टँडजवळ. मी आपली रोज उघडून झाडून ठेवायची, नाहीतर वर्गात बकऱ्या बसतात. दार उघडं दिसलं की पोरं यायची. आलेल्या पोरांना हाकलायचं कसं? मग बसवलं. बसवलं तर गप्प बसेनात, मग वाचायला लावलं. आता मला कुठे शिकवता येतं! हे डाकेची पिशवी घरी आणायचे, मी पत्ते लावून द्यायची, त्या पत्त्यांवरून मला अक्षर आलं आणि नंतर लोकांची कार्डं वाचून मजकूर आला (कार्ड उघडंच असतं, त्यात चोरी नाही, असं हेच म्हणायचे). मला आलं त्या रीतीने मी पोरांना दिलं. आधी पत्ता, मग मजकूर. अडतीस पोरं आहेत. चौथीच्या सात पोरींना पुढे नाल्यापलीकडच्या शाळेत जायचंय, आणि त्यांना भागाकार येत नाही. मलाही येत नाही. अडचण तीच आहे.

म्हणून फेब्रुवारीत मी आमदारांना कार्ड टाकलं. आपले आमदार विरोधी पक्षाचे. सत्तेतल्या माणसाला सांगितलं की तो ‘बघतो’ म्हणतो. विरोधातल्याला प्रश्न विचारण्यावाचून दुसरं काम नाही, तेव्हा तो विचारील, असा माझा हिशेब. लिहिलं एवढंच, की आमच्या शाळेला सहा महिने मास्तर नाही, तो का नाही हे कोणाला ठाऊक असल्यास कळवावं. पुढे जे झालं ते मला चमत्कारापेक्षा कमी वाटत नाही. माझं पंधरा पैशांचं कार्ड मुंबईला गेलं, त्याचा तिथे प्रश्न झाला, त्याला नंबर पडला, प्रश्न मंत्र्यांकडे गेला, तिथून धुळ्याला आला, धुळ्याहून तालुक्याला, आणि तालुक्याहून जीपमध्ये बसून माझ्या केराजवळ येऊन थांबला. यांनी इतकी वर्षं डाक वाहिली. पत्ता चुकला तरच पत्र पाठवणाऱ्याकडे परत येतं म्हणायचे. माझा पत्ता तर बरोबर होता!

जीपमधून शिक्षणाचे साहेब उतरले. घामेघूम. उत्तर संध्याकाळच्या आत धुळ्याला पोचलं पाहिजे म्हणाले. शाळा उघडी दिसली तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. आत येऊन त्यांनी वेस्ताच्या मुलीला, रेशमाला, उभं केलं, म्हणाले, बाळ, काहीतरी लिहून दाखव. रेशमाने फळ्यावर स्वच्छ अक्षरात मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिन नंबर लिहिला, खाली ‘सर्व ठीक, काळजी नसावी’ असंही लिहिलं. साहेब बघतच राहिले. मग ओट्यावर बसून भराभरा एक कागद लिहिला, शाईची डबी उघडली आणि माझा अंगठा धरायला हात पुढे केला.

भाऊ, चूक इथे झाली. मी म्हटलं, “मी सही करते.” साहेब म्हणाले, “अरे वा, करा ना!” मी त्यांच्या हातून पेन घेतलं आणि नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं पुरं लिहिलं, वेलांटीला जरा लांब शेपूट दिलं. गावातल्या पाच बायका बघत होत्या. वाण्याकडच्या पुडीचा कागद वाचल्याशिवाय मी चुलीत घालत नाही, आणि तो कागद तेवढा वाचला नाही. सहीच्या आनंदात राहून गेला. साहेबांनी शाईवर फुंकर मारली आणि गेले.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी ३१ तारखेला, पेपरात आलं, आणि काल शनिवारी दुपारी आमदार स्वतः आले. हातात छापील कागद. मला वाचायला दिला (कागद आधी वाचायचा, हे एव्हाना मी शिकले होते). वर त्यांचा प्रश्न: हिंगणपाडे येथील शाळा शिक्षकाअभावी सहा महिने बंद आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शिक्षक केव्हा नेमणार, नसल्यास, विलंबाची कारणे काय. खाली मंत्र्यांचं उत्तर: हे खरे नाही. शाळा रोज नियमित उघडते. एक स्थानिक महिला स्वेच्छेने अध्यापन करीत असून मुलांची प्रगती समाधानकारक आहे, ग्रामस्थांची तक्रार नाही, तसा लेखी जबाब आहे. बाकीचे प्रश्न उद्भवत नाहीत. मी तर कार्डात ‘बंद’ लिहिलंच नव्हतं, ‘मास्तर नाही’ लिहिलं होतं. बंद त्यांनी पदरचं घातलं, प्रश्नाला जोर यावा म्हणून.

आमदार खाटेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, “अक्का, कार्ड बी तुम्हीच टाकं आणि सही बी तुम्हीच करी? तठे बठ्ठा हसनात ना मला! मंत्री म्हणतो, सन्माननीय सदस्यांनी एकदा स्वतःच्या मतदारसंघात जाऊन यावं.” मला खरंच वाईट वाटलं. चहा दिला, त्यात साखर जास्त टाकली. मग मला राहवेना, म्हणून विचारलं, की उद्या तुम्हीच सरकारात गेलात तर आमचा प्रश्न कोण विचारील? त्यांनी आधी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवून म्हणाले, “तवय तुम्ही मला इचारज्यात.” तेव्हा मी त्यांनाच विचारायचं म्हणे. माणूस वाईट नाही.

त्यांचं म्हणणं असं. ते पुन्हा प्रश्न टाकणार आहेत. गुरुवारी साहेब पुन्हा बघायला येतील. तोवर शाळेला कुलूप पाहिजे. दार बंद दिसलं तर साहेबाला बंद लिहावंच लागेल, आणि तसं लिहिलं तर जूनच्या आत मास्तर द्यावाच लागेल. “आठ दिवस कुलूप, अक्का. फक्त आठ दिवस.” ते गेले आणि तासाभरात तालुक्याच्या साहेबांचा शिपाई वना सायकलवरून आला. साहेबांचा निरोप: बाई उत्तम काम करताहेत, एकही दिवस खंड पडू देऊ नये.

शेजारची कमलबाई भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. म्हणाली, “शाया चालू शे का बंद शे, एक काय ते सांग ना व माय! मी पोरले तेल लाऊ का नको?” मी म्हटलं, प्रश्न उद्भवत नाही. तिने ताक द्यायचं बंद केलंय.

विनोद सोडा. भाऊ, मी काल रात्रीपर्यंत आमदारांच्या त्या छापील कागदाकडे बघत होते. मी शाळा उघडली की सरकार म्हणतं शाळा आहे. मी कुलूप लावलं की आमदार म्हणतात शाळा नाही. पण मास्तर दोन्हीकडून नाहीच, आणि हे कोणी कागदावर लिहीत नाही. मी चांगली झाडते, एवढ्यावर त्या सात पोरींचा भागाकार अडलाय. आणि एक गोष्ट तुम्हालाच सांगते. हे गेल्यावर सकाळचे साडेसात ते साडेअकरा कसे जायचे ते मलाच माहीत. गुरुजी बदलून गेले तेव्हापासून ते बरे जातात. मास्तर यावा असं कार्ड मी टाकलं, तेव्हा याचा विचार केला नव्हता. आता करते, आणि तरीही मास्तर यावा असंच वाटतं. फक्त जरा हळू वाटतं.

तुम्ही कारखान्यातली माणसं, नियम जाणता. कुलूप लावू की उघडू, ते उलट टपाली कळवा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी काही करणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांच्या परीक्षा चांगल्या जावोत.

आपली बहीण,
सुंदर

ता.क. हे सगळं लिहिलं, पण खरं विचारायचं होतं ते दुसरंच. चार वर्षं तुम्ही बोलावता आणि मी शेळीचं कारण सांगते. आता येऊ का आठ दिवस वरणगावला? मी इथे असले, शाळा बंद असली आणि पोरं ओट्यावर येऊन बसली, तर मी उघडीन. माझा मला भरवसा नाही. शेळी कमलबाईकडे ठेवीन, ताकाचं मिटवून घेईन.

ता.क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं आणि तुमच्या उत्तराची वाटही बघितली नाही, त्याचा राग मानू नका. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी पहिल्या गाडीने तालुक्याला गेले, शाळेची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली, म्हटलं, शाळा चालू आहे असं तुम्हीच लिहिलंत, तर आता उघडायलाही तुम्हीच माणूस पाठवा, आणि अकराच्या गाडीने घरी आले.