बदललेल्या गोळ्या

शनिवार, १८ ऑक्टोबर

ती. अक्कास,

नमस्कार. भावजींचा खोकला उतरला असेल. इकडे सगळं ठीक. शाळेत स्पर्धा चालू आहेत, घराला रंग द्यायला काढलाय. आपण चार महिने बोललो नाही, त्यामुळे कुठून सुरुवात करावी कळत नाही. अक्षर वाकडं आलंय, समजून घे.

ठमी आता दर शनिवारी दवाखान्यातल्या एका वर्गाला जाते. तिच्यासारखीच, सांधे कायम दुखणारी चौदा-पंधरा वर्षांची पाच-सहा मुलं असतात. एक बाई त्यांना शांत बसवून, दुखणं कुठे आहे, कसं आहे, ते नुसतं बघायला शिकवतात. घालवायचं नाही, त्याच्याशी भांडायचंही नाही. मला हे थोतांड वाटायचं. आज पालकांनाही बोलावलं होतं, म्हणून गेलो.

सगळ्यांनी डोळे मिटले. जे जाणवेल ते मुलांनी एकेक करून सांगायचं होतं.

"डावा गुडघा जड आहे," ठमी म्हणाली. "मनगटं ठणकतायत. पंख्याचा आवाज येतोय. छातीवर काहीतरी दाबल्यासारखं आहे. ते जुनं आहे."

"कधीपासूनचं?" बाईंनी विचारलं.

"बाबांनी माझ्या गोळ्या बदलल्या तेव्हापासूनचं."

माझे डोळे खाडकन उघडले. तिचे मिटलेलेच होते. आवाजात राग नव्हता, अक्का. पंख्याबद्दल बोलली तशीच बोलली.

पोरगी सोंग करते, एवढंच मी तुला फोनवर म्हणालो होतो आणि तू फोन ठेवलास. खात्री कशी पटली, ते सांगितलं नव्हतं. बावीस वर्षं खेळाचा तास घेतोय. पोट धरून झाडाखाली बसणारी कितीतरी मुलं पाहिली. ही त्यांतलीच, असं धरून चाललो. तिच्या डबीतल्या गोळ्या काढून तशाच दिसणाऱ्या जीवनसत्त्वाच्या भरल्या. तीन आठवडे, नवी डबी येईपर्यंत. विचारलं की म्हणायची, "बरं वाटतंय." मी मनात म्हटलं, सापडली. मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. ती धावली गं.

वर्ग सुटल्यावर जिन्याशी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. कडू लागली नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"दुखतंय म्हटलं की तुम्ही कसे बघता माझ्याकडे. बरं वाटतंय म्हटलं की हसायचात."

कसंबसं म्हटलं, "माफ करशील?"

"आत्ता नाही, बाबा. आत्ता गुडघा फार दुखतोय."

मी तिची पिशवी घेतली. एकेक पायरी, ती थांबेल तिथे थांबत खाली आलो. बावीस पायऱ्या उतरायला तिला किती वेळ लागतो, हे मला आज कळलं.

ठमीच्या आईला अजून काही माहीत नाही. आज सांगणार आहे, सोमवारी डॉक्टरांनाही. तू येऊन जा. माझ्याशी नको बोलूस हवं तर, तिच्याजवळ बस.

तुझा भाऊ
(तिचा बाप असं लिहायला आज हात धजत नाही)