प्लीहा अखंड पाहिजे

३ नोव्हेंबर, सोमवार
उंदीर मारल्याशिवाय रोगप्रतिकारशक्ती शिकता येत नाही का? मला माहीत नाही. उद्यापासून इम्युनॉलॉजी लॅबमध्ये दहा दिवसांचं ट्रेनिंग. शेवटी परीक्षा : स्वतः उंदीर मारायचा, पोटातली प्लीहा अखंड काढायची, तिच्यातल्या पेशी मोजायच्या. आम्हा चौघींतून एकीचं नाव नागपूरच्या संशोधन केंद्रात जाणार. माझंच जाईल. घरातली पहिली ग्रॅज्युएट आणि पुढे लस शोधणारी. मन खंबीर आहे.

४ नोव्हेंबर
दुर्गाप्रसाद सरांनी करून दाखवलं. मानेवर पेन दाबला, शेपटी ओढली. कट्! मी बेशुद्ध पडले नाही. फरशी थंड होती म्हणून बसले. आमच्या चौघींतली डिंपल म्हणते, 'बसली कुठं, आडवी होती तू.'

७ नोव्हेंबर
फक्त सुई टोचायची होती. उंदराने अंगठा फोडला. मी त्याला भिरकावलं, तो सरांच्या चष्म्यावर आदळला. दोघंही वाचले. पकड सुधारते आहे.

९ नोव्हेंबर, रविवार. गोरेगाव (जि. गोंदिया)
घरी. कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यात उंदीर झालेत. बाबांना माझा अभ्यास सांगितला. हसत सुटले. 'एवढ्याश्या उंदरासाठी कॉलेजात जाऊन राहिली काय वं? शेपटी धर, दगडावर आपट.' त्यांनी अकरा मारले. मी तीन. पहिले दोन डोळे मिटून. आई ओरडली, 'पांढरा कोट काऊन घातला वं? हे रक्त कोण धुवीन?' धुतलं तिनेच. सराव उत्तम झाला.

१३ नोव्हेंबर. परीक्षा
पेन घसरला. उंदीर किंचाळला, चावला. तिघी बघत होत्या. मग मी शेपटी धरली आणि टेबलाच्या कडेवर आपटला. पुन्हा आपटला. पुन्हा. डिंपलने मनगट पकडलं तेव्हा थांबले. पोट फाटलं होतं. प्लीहा टेबलभर, थोडी माझ्या केसांत. सर म्हणाले, 'मॅडम, सेल्स चाहिए थे. चटणी नाही.'
मी रडले नाही. नळाचं पाणी जोरात होतं.

१४ नोव्हेंबर, सकाळी ११
नीट विचार केला. देशाला थिअरीवालेही लागतात. शिवाय डिंपलला संधी मिळायला हवी, त्यासाठी मन मोठं लागतं. आणि दुसऱ्या फटक्यापासून मला बरं वाटत होतं, हे इथे लिहिते, कुणाला सांगणार नाही.
साडेदहाला सरांना अर्ज दिला : नागपूरसाठी माझ्या नावाचा विचार करू नये. सरांनी वाचला आणि फाइल उघडून दाखवली. डिंपलचं नाव कालच गेलं होतं.
तरी मी अर्जाची पोच घेतली.