मागचे बुश

मी, विश्राम गणू तावडे, वय एकसष्ट, धंदा मोटारदुरुस्ती, राहणार कळवा, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या अक्षरात लिहीत आहे. शेजारी बसून कोणी सांगत नाही, कोणाचा दाब नाही. डोके ठिकाणावर आहे, छाती मात्र नाही. माघात दोनदा कळ आली आणि डॉक्टरांनी गाडीखाली निजायला बंदी केली, म्हणून ही घाई. यापूर्वी मी कोठे काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. कळव्याच्या दोन खोल्या आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी सखुबाई हिची. मुलगा मधु डोंबिवलीला नवी जागा बघतो म्हणतो. बघावी, पण आईला विचारल्याशिवाय तिचे सामान हलवू नये.

२. ठाण्याच्या गॅरेजातली हत्यारे, म्हणजे बाकाला बसवलेला दाबाचा शेगडा, पाने आणि दोन्ही जॅक, मधुची. मोठ्या जॅकचे तेल झिरपते. तो हळूहळू खाली बसतो आणि बसताना आवाज करत नाही. लाकडी ठोकळे लावल्याशिवाय मधुने गाडीखाली जाऊ नये. हे त्याला अनेकदा सांगितले आहे, तरी मला धीर धरवत नाही म्हणून येथेही लिहितो.

३. गॅरेजात ताडपत्रीखाली असलेली दोन माणसांची जुनी इंग्रजी शर्यतीची गाडी कल्याणचे वकील कैलासवासी त्र्यंबकराव मायदेव यांची. डिसेंबर १९५३ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर ती उलटली आणि वकीलसाहेब जागीच गेले. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई मला म्हणाल्या, "ही माझ्या डोळ्यांसमोर नको. तुम्ही घेऊन जा." ~~ती गाडी मी मंदाकिनीबाईंना परत देतो.~~ ही ओळ मीच खोडली आहे. कारण शेवटी लिहिले आहे.

४. आता जे लिहायला हात धजत नाही ते. गाडीचा भार तोलणाऱ्या कमानपाट्यांच्या टोकाला बुश असतात, म्हणजे आत रबर भरलेल्या लोखंडी नळ्या. ते झिजले की पाटे डुलतात आणि वळणावर चाकांचा आस कडेला सरकतो. अपघाताच्या बारा दिवस आधी मी पुढचे बुश बदलले. मागचे पुढच्यापेक्षा वाईट होते, बोटाने हलत होते. पण बाजारात एकच जोडी मिळाली, ती पुढच्या मापाची, आणि वकीलसाहेबांना नाशिकला कामासाठी गाडी हवी होती. त्यांनी विचारले, "विश्राम, झालं का रे सगळं?" मी म्हणालो, "झालं साहेब, बिनधास्त न्या." मागचे राहिलेत, हळू चालवा, एवढे मी बोललो नाही. का बोललो नाही ते आजही मला नीट सांगता येत नाही. त्यांच्यासमोर काम अर्धे राहिले म्हणायची लाज वाटली असावी.

चौकशीला आलेल्या साहेबाने गाडीखाली वाकूनसुद्धा बघितले नाही. वेगामुळे अपघात, असे लिहून मोकळा झाला. त्याच्यावर माझा राग आहे. पण तो वाकला असता तर मीच सापडलो असतो, म्हणून मी गप्प बसलो. सगळे कल्याण वकीलसाहेबांना बेफिकीर म्हणू लागले आणि मीही मान डोलावली.

५. गेल्या तीन वर्षांत गाडी उभी केली. रबर मुंबईहून साच्यात भरून आणले, बाहेरच्या नळ्या माझा मित्र पंढरी याने लेथवर कातून दिल्या. मागच्या उजव्या पाट्याचे बुश तेवढे राहिले आहेत. ते मधुने बसवावेत. साबणाचे पाणी लावून शेगड्यात दाबून बसवायचे, हातोडा मारायचा नाही. आणि गाडी चारी चाकांवर उभी राहिल्यावरच बोल्ट शेवटचा आवळायचा. टांगलेल्या गाडीत आवळला तर रबर पिळवटते आणि थोड्या दिवसांत फाटते, वरून काही दिसत नाही. डावीकडचा बोल्ट मी गाडी खाली उतरवूनच आवळला. तरी त्यानंतर सहा वेळा जाऊन तपासला आहे. घरी आलो की पुन्हा वाटते, राहिला.

६. येथवर लिहून मी सखुबाईला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हे तुम्ही गेल्यावर वाचणार ना? मग त्या बाईंनी पुढचं विचारायचं कुणाला?"

म्हणून गेल्या रविवारी कल्याणला गेलो. मंदाकिनीबाईंनी बसायला सांगितले, मी उभाच राहिलो. सगळे सांगितले. सांगताना दोनदा पाणी मागावे लागले. त्यांनी एकच विचारले, "मग ते वेगात नव्हते?"

मी म्हणालो, "वेगात होते, वहिनी. खोटं सांगणार नाही. पण त्या वळणावरून त्याच वेगानं ते किती वेळा गेले असतील. त्या दिवशी गाडीनं दगा दिला, आणि ती देईल हे मला ठाऊक होतं."

त्या उठून खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, "त्यांच्या श्राद्धाला मी दर वर्षी रागानं बसले, विश्रामभाऊ. पोरीला सांगितलं, तुझ्या बाबांना आपल्यापेक्षा गाडी प्यारी होती." पुढे म्हणाल्या, "आता तुम्ही जा." माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही.

आठवडाभर पोलीस येतील, नाहीतर त्यांचे दीर येतील, या धास्तीने दारावरची प्रत्येक थाप छातीत वाजत होती. आज सकाळी त्या स्वतः आल्या. बसून हा कागद पहिल्यापासून वाचला आणि गाडीच्या ओळीवर बोट ठेवले. "हे खोडा. ज्याला काही मिळायचंय त्यानं मृत्युपत्रावर साक्ष करू नये, एवढं वकिलाच्या घरात राहून मला कळतं. मला गाडी नको. मला साक्ष करायचीय. चौथं कलम तुम्ही शुद्धीत लिहिलंय, हे माझ्या सहीनं राहू दे. पोरीला दाखवायला लागेल."

७. म्हणून गाडी मधुची. उजवीकडचे बुश बसवून, पंढरीला दाखवून, मगच रस्त्यावर काढावी.

मजकूर दोघा साक्षीदारांनी वाचला. त्यांच्यादेखत मी सही केली व माझ्यादेखत त्यांनी. माझी सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

मुक्काम कळवा, रविवार, दिनांक १७ मार्च १९५७.

विश्राम गणू तावडे

साक्षीदार:
पंढरी लक्ष्मण भोईर, टर्नर, राहणार ठाणे
मंदाकिनी त्र्यंबक मायदेव, राहणार कल्याण. कलम चार मी दोनदा वाचले.